कुल्फीवाल्याचा बर्फ

आपण मेल्यावर डोळे दान करायचे, असं आमच्या अण्णांनी लिहूनच ठेवल्तं. केदारखेड्याच्या शाळेत मास्तरकी करण्यात उभा जन्म गेला त्यांचा. सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात जालन्याच्या दवाखान्यात ते वारले, तर भावकी माझ्याच अंगावर आली. म्हणे, बेबीनंदा, बापाला आंधळा धाडती का वर? मी म्हणलं, वर काय हाय ते कोण पाहून आलंय? आपण बुद्धाची माणसं, आपल्याला पुढला जन्म न्हाई. बोलवा डॉक्टरला.

डॉक्टरनं डोळे काढून बाटलीत ठेवले आन् बाटली बर्फाच्या थर्मासात. औरंगाबादला एक बाई या डोळ्यांसाठी ताटकळली होती. जल्दी जा आन् गारवा कमी होऊ देऊ नका, एवढंच त्यानं बजावलं. मी आन् तातेरावकाका धान्याच्या ट्रकात बसलो. थर्मास माझ्या मांडीवर.

बदनापुरात टायर फुटलं. दुसरं मिळेस्तोवर तीन तास गेले. झाकण काढून पाह्यलं तर बर्फाचा खडा न्हाई, सगळं पाणी. तिथं रखमाजी नावाचा एक कुल्फीवाला उभा होता. काकांनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोक्यावरली टोपी काढली, थर्मासातलं पाणी ओतून दिलं आन् कुल्फीच्या माठातला बर्फ ठेचून काठोकाठ भरला. त्याची निम्मी कुल्फी पातळ झाली, तरी त्याचं त्याला काही न्हाई. त्याच्या पाया पडावंसं वाटलं मला.

औरंगाबादच्या डॉक्टरनं बाटली काढली. डोळे पांढरेफट, गोटीसारखे कडक. बर्फ कुठला, त्यानं विचारलं. मी सांगितलं, तसा तो खालीच बसला. कुल्फी जमावी म्हणून त्या बर्फात मीठ घालतात, म्हणाला, आन् मिठानं बर्फ अजून गार पडतो. नुसत्या गारव्यात डोळ्यातल्या पेशी मंद होतात, कमी खातात, दिवसभर तग धरतात. पण पेशीतलं पाणीच गोठलं की त्याच्या सुया होतात आन् पेशी फाटतात.

"मंग ऊब द्या ना त्यांना," मी म्हणलं.

"फाटलेलं जुळत न्हाई, बाई."

माझ्या तोंडाला अख्खं गाव भितं. पण त्या दिवशी भांडावं तरी कोणाशी? टायरशी? का टोपी काढणाऱ्याशी? ती वाट पाहणारी बाई, कौसल्या, तिला हाताला धरून बाहेर आणलं. आले न्हाई का डोळे, ती विचारीत होती.

दुसऱ्या दिवशी परततानी बस बदनापूरला थांबली. रखमाजीनं आम्हाला वळखलं आन् पळतच खिडकीशी आला.

"गुरुजींचे डोळे पोचले का बराबर?"

काकांनी मान खाली घातली. सांगून टाकावं असं ओठावर आल्तं माझ्या.

"पोचले, मामा," मी म्हणलं. "बिलकुल बराबर पोचले."

त्याचे डोळे भरून आले. गुरुजींच्या नावानं म्हणत त्यानं माझ्या हातात कुल्फी दिली. बस निघाली. ती कुल्फी खाववेना आन् टाकवेना. कोपरापर्यंत वघळ गेले, तरी मी तशीच धरून बसले.