दगडावर दगडाचं चित्र

मी एक जुनी दगडी कोठी आहे, बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या थोडी अलीकडे. मित्रांनो, शाळा मी पाहिली नाही, पण अक्कल आहे. माझ्या आताच्या मालकापेक्षा जरा जास्तच.

भगवंतरावांनी मला बांधलं. दोन हात रुंद भिंती, आणि सांध्यांत गूळ घालून बैलघाणीत मळलेला चुना. त्या चुन्याचा गुण असा, की पावसाळ्यात भिंत पाणी प्यायची आणि उन्हं पडली की ओकून टाकायची. बंगळूरची माणसं उन्हाळ्यात यायची, माझ्या गार भिंतीला पाठ टेकायची आणि उठायचं नाव घ्यायची नाहीत. कौतुक मला नवं नव्हतं.

मग त्यांचा पणतू रघुनंदन आला, जयनगरच्या फ्लॅटात वाढलेला. मुलीचं लग्न माझ्या अंगणात लावायचं, म्हणून त्यानं मला नटवलं. सांध्यांतला चुना खरवडून सिमेंट भरलं. दगडांवर राखी ऑइलपेंट फासला, आणि त्या रंगावर पांढऱ्या रेघा ओढून दगड काढले. खऱ्या दगडावर दगडाचं चित्र. शी. पाहुणे म्हणाले, अगदी खरे वाटतात हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जमिनीतून चढलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. दोन पावसाळ्यांत मी बाहेरून चकचकीत आणि आतून कुबट झाले. रघुनंदनची थोरली बहीण कमला माझ्याच आसऱ्याला राहते. तिच्या पलंगामागची भिंत हिरवी पडली. रघुनंदन नाकाला रुमाल लावून म्हणाला, कोठी सडली, पाडू या, अक्का, तू जयनगरला चल. मी सडले म्हणे. जिभेला हाड नाही मेल्याच्या.

पाडकामाचं माप घ्यायला शिवकुमार गवंडी आला. त्यानं त्या हिरव्या भिंतीवर टकटक केली आणि कमलेला म्हणाला, "अक्का, भिंत ठणठणीत आहे. तुम्ही तिचं तोंड बांधलंय."

कमलेनं स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि त्या भिंतीच्या बाहेर बसून सिमेंट उकरू लागली. लोक काय म्हणतील, असं रघुनंदन पुटपुटला.

"म्हणतील, हिच्या भावानं दगडाला लिपस्टिक लावली. स्वल्प सरक, उजेड अडवतोस."

तिसऱ्या दिवशी उकरलेल्या सांध्यातून गढूळ पाणी ओघळलं. रघुनंदननं बोट लावलं, वास घेतला, आणि चुना मळायची घाणी कुठे मिळेल ते शिवकुमारला विचारलं. माफी काही मागितली नाही.

मित्रांनो, एक भिंत मोकळी झाली. बाकीच्या तीन अजून त्या रेघा मिरवत उभ्या आहेत. जुन्या वस्तूला नटवण्याआधी ती श्वास कुठून घेते, तेवढं विचारा. तेही जमत नसेल तर तिला धूळ खात पडू द्या. धूळ एका फडक्यानं निघते.