भोकाचा पेला

जादिएलच्या पेल्याला भोक मीच पाडलं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी मला देवमाणूस म्हणायला नको.

तुरुंगातल्या आमच्या बराकीतली रीतच तशी. जो पुरुषावर जीव लावतो त्याचा पेला वेगळा, चमचा वेगळा, त्याच्या हातचं कुणी खायचं-प्यायचं नाही, झोपायची जागा संडासाच्या दाराशी. प्लास्टिकच्या पेल्याला मधोमध तापल्या खिळ्याने भोक पाडायचं, म्हणजे दुसरा कुणी चुकून तोंड लावत नाही. भोकाच्या वर कॉफी टिकत नाही, म्हणून त्याला कायम अर्धीच. आणि लावलंच कुणी तोंड, तर तोही बाटला, आणि ज्याचा पेला त्याला मार. शेजारच्या बराकीत एक पोरगा असाच मारला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

जादिएल बावीस वर्षांचा, रेसिफे शहराच्या खालच्या ऊसपट्ट्यातला. सुटायला अकरा रविवार राहिलेले. तेवढे दिवस जिवंत राहायचं, बस. सगळ्यांचे कपडे धुवायचा, मान वर करायचा नाही. आणि मी ओतासिलियो, अठ्ठावन्न वर्षांचा, बराकीची कॉफी करणारा म्हातारा. मीही तसलाच. चौदा वर्षं लपवलं. मावसबहिणीचा फोटो मेलेली बायको म्हणून भिंतीला चिकटवला होता. म्होरक्या ज्युरांदिरने खिळा माझ्या हातात दिला तेव्हा मी तो लगेच तापवायला घेतला. त्याची लाज अजून जात नाही.

मुलाखतीच्या रविवारी मात्र आमच्याइतकी सभ्य माणसं शोधून सापडायची नाहीत! फरशी घासलेली, अंगात सदरे, शिवी बंद. दुसऱ्याच्या आईबायकोकडे बघायचं नाही, आणि कुणाच्या आईने हातावर ठेवलेलं नाकारायचं नाही. नाकारलं तर ज्युरांदिर दात पाडतो.

त्या रविवारी जादिएलची आई इवोनेते दोन बस बदलून आली. पोराने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. बाईला एका जागी बसवेना. पाहुण्यांचे खरकटे डबे काय विसळले, कोंबडी काय वाढली. मी सगळ्यांना कॉफी ओतत होतो. माझा स्वतःचा पेलाही कुणा पाहुण्याकडे गेलेला.

"काय हो दादा, सगळ्यांना पाजता आणि आपण कोरडेच?" म्हणत ती उठली. संडासाजवळच्या फळीवर एक पेला दिसला, तो तिने धुतला आणि काठोकाठ भरला. कॉफी तिच्या मनगटावरून गळायला लागली.

"अगंबाई, फुटकाय की हा!" तिने भोकावर अंगठा दाबला आणि पेला माझ्यापुढे धरला. "असं बोट ठेवा, म्हणजे गळायचा नाही. पोरगा म्हणतो, तुम्हीच सांभाळता त्याला. घ्या ना."

मी सांभाळतो! एवढं धादांत खोटं त्या पोराने आईला झोप लागावी म्हणून सांगितलं होतं.

"आई, तो नको..." जादिएल म्हणाला. पुढे काय सांगणार? सगळी बराक माझ्याकडे बघत होती. ज्युरांदिर स्वतःच्या आईशेजारी बसून बघत होता.

मी तिच्या अंगठ्याच्या जागी माझा अंगठा ठेवला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. मोठं धाडस वगैरे काही नाही. कंटाळलो होतो, खरंच सांगतो. चौदा वर्षं सतत स्वतःवर पहारा ठेवून जीव विटला होता.

पाहुणे गेले, हजेरी झाली. ज्युरांदिरने सदरा काढून घडी घातली.

"काय रे म्हाताऱ्या, डोळे गेले का तुझे?" मग जादिएलकडे वळून म्हणाला, "पेला तिथे उघड्यावर कुणी ठेवला?"

जादिएल भिंतीला टेकला.

"त्याला कशाला विचारतोस?" मी म्हणालो. "भोक मीच पाडलंय, मला दिसत नाही होय? मी आधीपासूनच तसला आहे. मग कोण कुणाला बाटवणार?"

ज्युरांदिर फोटोकडे बघत राहिला. "आणि ही?"

"मावसबहीण."

कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरा ओरडला, "अरे, चौदा वर्षं याच्या हातची कॉफी प्यायलो आपण!" आणि पचकन थुंकला. मग एकेकजण आपापल्या पेल्याकडे बघायला लागला. हिशोब लावायला गेलं तर अख्खी बराक बाटलेली होती, ज्युरांदिर धरून. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं.

"विषय बंद," तो म्हणाला. माझ्या दोन बरगड्या मोडून त्यांनी तो बंद केला. पोराला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या पेल्याला मीच भोक पाडलं. रीतीपेक्षा बोटभर वर पाडलं, कुणी मोजायला आलं नाही. आता कॉफी दुसराच कुणीतरी करतो आणि पांचट करतो. मी संडासाच्या दाराशी जादिएलशेजारी झोपतो.

पुढच्या रविवारी इवोनेते आली ती पिशवीतून दोन नवेकोरे पेले काढतच. एक निळा, एक पिवळा.

"फुटक्यातून किती दिवस पिणार, दादा? पिवळा तुमचा."

"फार छान आहेत," मी म्हणालो. जादिएलने तिच्या हाताचा मुका घेतला आणि बराच वेळ तो हात सोडला नाही.

ती गेल्यावर त्याने खिळा तापत ठेवला. पेले मी धरले. अजून दहा रविवार होते.