डिझेल गाडी आणि दुसरा चालक

मी राहतो दोह्यात, अल सद्दला, आणि आमची गाडी राहते अमेरिकेत, मिशिगनला. गाडीबरोबर माझी बायको मालविकाही तिथेच राहते; पण दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात वाद चालला होता तो गाडीवरून, म्हणून गाडीचं नाव आधी घेतलं.

गाडी डिझेलची. बारा साली दोघांनी मिळून घेतली तेव्हा मीही तिथे होतो. पुढच्याच वर्षी मला कतारमध्ये वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमवर दोन वर्षांचं काम मिळालं. त्या दोन वर्षांना आता साडेतीन वर्षं झाली होती.

मालविका गाड्यांचा धूर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. मागे नळी लावायची आणि काय बाहेर पडतं ते मोजायचं. आणि नेमकं आमच्या गाडीच्याच मॉडेलचं पितळ उघडं पडलं. तपासणीच्या यंत्रावर चढवली की सोज्वळ, रस्त्यावर उतरली की मर्यादेच्या कितीतरी पट विषारी वायू. कंपनीने दोन पर्याय दिले होते: गाडी परत करून भरपाई घ्या, किंवा ठेवा, आम्ही पुढेमागे दुरुस्त करू.

मालविकाला परत करायची होती, मला ठेवायची होती. कतारला शुक्रवारी सुट्टी. माझ्या दुपारी तीनला ती कामावर निघते, तेव्हा गाडीतल्या स्पीकरवर आमचा संसार चालतो.

"एका टाकीत सहाशे मैल, मालविका. पेट्रोलची कुठली गाडी देते?"

"नाही देत. पण इथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग आहे, ते सोयीने विसरतोस. पंप पार ट्रकवाल्यांच्या बाजूला. भरून आलं की दिवसभर हाताला वास. जेवताना लोक लांब बसतात."

"कार्बन कमी सोडते."

"आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडते, ते काय अत्तर आहे? दम्याची पोरं मोज एकदा."

"इंजिन तीन लाख मैल टिकतं."

"कौतुक आहे. काहीतरी टिकतं म्हणायचं."

"टोमणे नको मारूस."

"टोमणा नाही, मोजमाप आहे. माझं कामच ते."

खरं सांगायचं तर डिझेलवर माझं एवढं प्रेम नव्हतं. साइटवर दिवसभर जनरेटर धडधडतात, रात्री उशीलाही तोच वास येतो. पण पहिल्या वर्षी आम्ही त्या गाडीतून उत्तरेला मोठ्या सरोवराकडे गेलो होतो. आळीपाळीने गाडी चालवत. माझी पाळी संपल्यावर मी झोपलो आणि जाग आली तेव्हा समोर क्षितिजापर्यंत पाणी होतं, आणि मालविका एक हात स्टिअरिंगवर ठेवून दातांनी संत्रं सोलत होती. गाडी गेली तर ती सकाळ ठेवायची कुठे? हा मुद्दा तांत्रिक नसल्यामुळे मांडता येत नव्हता.

म्हणून मी तांत्रिक अहवाल केला. 'डिझेल प्रवासी गाडी: ठेवणे विरुद्ध परत करणे'. निकष, गुण, शिफारस. सवयीने आमच्या प्रोजेक्टच्या छापील नमुन्यावरच केला आणि सवयीनेच प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवला.

त्या फोल्डरवर कागदपत्रं सांभाळणारा अरुणकुमार बसतो. त्याच्या हातून नऊ वर्षांत एकही कागद नंबराशिवाय सुटलेला नाही. त्याने माझ्या अहवालालाही नंबर दिला आणि पाण्याच्या पंपांचा अहवाल व खुर्च्यांच्या रंगांचे नमुने यांच्या मध्ये घालून कन्सल्टंटकडे रवाना केला. कन्सल्टंटचं काम म्हणजे आलेला कागद तपासून त्यावर अक्षर टाकणं: ए म्हणजे मंजूर, सी म्हणजे सुधारून पुन्हा आणा, डी म्हणजे नामंजूर. कागद कशाबद्दल आहे, हे विचारायची पद्धत नाही.

बाराव्या दिवशी आमचा प्रोजेक्ट मॅनेजर फजल तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"गिरीशभाई, ये गाड़ी कौन से गेट से अंदर आएगी?"

वर 'सी' होता. खाली तीन शेरे. शुक्रवारी मी ते मालविकाला वाचून दाखवले, तेवढंच हसेल म्हणून. पहिला, स्टेडियमजवळ इंधन मिळण्याची खात्री करावी. दुसरा, कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठण्याचा मुद्दा कतारला लागू नाही, वगळावा. दोन्हींना ती मनापासून हसली.

"तिसरा ऐक. 'लांबच्या प्रवासाला दहापैकी नऊ गुण दिले आहेत. त्यासाठी दोन चालक गृहीत धरले आहेत. दुसरा चालक साइटवर दिसत नाही. तो हजर होण्याची तारीख कळवावी.'"

ती हसली नाही.

"माणूस हुशार आहे. काय तारीख?"

"कसली?"

"दुसऱ्या चालकाची."

"स्टेडियम ताब्यात दिलं की लगेच."

"ही तारीख नाही गिरीश, हा समारंभ आहे."

"वर्ल्ड कप बावीसला आहे. इथे सगळ्यांचंच तसं..."

"मंगळवारी मी गाडी परत करतेय. धुरासाठी तर करतेच आहे, पण तेवढंच नाही. डिझेलला लांब पळवावं लागतं, नाहीतर काजळीने फिल्टर तुंबतो. हे तूच मला शिकवलंस. मी रोज ऑफिसला जाते आणि घरी येते. त्याला सहाशे मैलांची टाकी कशाला?"

हा मुद्दा माझ्या अहवालात नव्हता.

मंगळवारी गाडी गेली. माझ्या टेबलावर मुदतवाढीचं पत्र पडून होतं: सध्याचा करार मार्चअखेर संपतो, नवा थेट डिसेंबर बावीसपर्यंत. फजल दोनदा म्हणाला होता, साइन कर, खलास. गुरुवारी मी त्यावर 'डी' लिहिलं आणि परत दिलं.

फजलने ते अक्षर पाहिलं. "उधर जॉब है?"

"नहीं।"

"वर्ल्ड कप छोड़ के जाएगा?"

"टीवी पे देखूँगा।"

शुक्रवारी तीनला फोन आला नाही. साडेतीनला मीच लावला.

"हळू बोल," मालविका कुजबुजली. "बसमध्ये आहे. इथे कोणी फोनवर बोलत नाही."

"एक एप्रिल," मी म्हणालो. "दुसऱ्या चालकाची तारीख."

पलीकडे बसचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

"एक एप्रिल?"

"दोन घे हवं तर."

"दोन," ती म्हणाली. आणि लगेच पुढचं ठरवायला लागली.

"विमानतळावर मी बसने येणार. दोन बस बदलून."

"ये."

"सामान किती आहे तुझं?"

"साडेतीन वर्षांचं आहे."

"एकच बॅग आण," ती म्हणाली. "दुसरी उचलायला माझा हात मोकळा नसेल. तुझाही नसेल."