सुलटा हात

त्या हिवाळ्यात आदिनाथच्या मानेची अशी गत झाली होती, की शर्टाचं वरचं बटण लावताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यात तो गंधकाच्या भट्टीवर कामाला होता. उसाचा रस साफ करायला गंधकाचा धूर लागतो आणि तो धूर छातीत गेला तर भला दांडगा माणूसही खोकून खोकून खाली बसतो. म्हणून भट्टीवरच्या माणसांना रबरी मास्क, आणि मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून रोज गुळगुळीत दाढी. नियम रास्तच होता. पण आदिनाथचे केस पडले कुरळे आणि राठ. तीन पात्यांच्या रेझरनं त्यानं दाढी खरवडून काढली, की केस कातडीच्या आतच वळून बसायचे. त्याच्या पुटकुळ्या व्हायच्या, दुसऱ्या दिवशी त्याच पुटकुळ्यांवरून पुन्हा रेझर फिरायचा आणि वर आठ तास रबर घासायचं. डिसेंबर संपता संपता मानेतून पू यायला लागला.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि तीन आठवडे दाढीला हात लावू नको म्हणून सांगितलं. दाढी वाढली तसा मास्क सैल पडू लागला. भट्टीचे मुख्य शहादेवराव भला माणूस. त्यांनी आदिनाथला तात्पुरतं उसाच्या भुश्याच्या ढिगाकडं पाठवलं, पण हंगाम संपायच्या आत मान बरी झाली नाही तर भट्टीवर दुसरा माणूस घ्यावा लागेल, हेही सांगून टाकलं. आदिनाथला त्याचं फार लागलं. चार वर्षांत तो त्या कामात इतका मुरला होता, की नुसत्या ज्योतीचा निळा रंग पाहून गंधक किती टाकायचं ते सांगायचा. भुश्याचा ढीग ओढायला कुणीही चाललं असतं.

अशात एका सकाळी मोटारसायकलची साखळी कुरकुरायला लागली म्हणून तो आमेरच्या गॅरेजवर थांबला. गॅरेजच्या दारात आमेरचे वडील इसाकचाचा उन्हाला बसले होते. चाळीस वर्षं जुन्या स्टँडजवळ त्यांचं कटिंगचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली आणि दुकान बंद झालं. आदिनाथनं हेल्मेट काढलं तसं त्यांनी त्याच्या मानेकडं निरखून पाहिलं.

"दाढी करतो का कातडं सोलतो?" त्यांनी विचारलं.

आदिनाथ कसनुसा हसला. मग त्याचं लक्ष चाचांच्या चेहऱ्याकडं गेलं. सत्तरीचा माणूस, गालाला सुरकुत्या, हनुवटीखाली लोंबती कातडी, आणि तरी एक खुंट दिसेना, एक ओरखडा दिसेना. त्यानं विचारलं, की कोणाकडं करता? चाचांनी डाव्या हाताचा अंगठा मागं घराकडं केला आणि म्हणाले, "माझी मालकीण करते."

झालं होतं असं, की झटक्यानंतर चाचांनी दुसऱ्या कुणा कारागिराला तोंडाला हात लावू दिला नव्हता. ज्यांनी त्यांचा वस्तरा लोण्यासारखा चालताना पाहिला होता, त्यांच्यापुढं लाळ गळणारं तोंड घेऊन बसायचं त्यांना जमेना. महिनाभर दाढी वाढली. मग एके दिवशी त्यांची बायको जैनबबी पाण्याचं भांडं घेऊन समोर बसली आणि म्हणाली, तुमी सांगा, मी करते. पहिल्या दिवशी सात ठिकाणी कापलं. चाचांनी हूं केलं नाही. तिनंही डोळ्याला पदर लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. हे सगळं आमेरनं साखळीला तेल देता देता सांगितलं.

आदिनाथनं तिथंच ठरवलं, की शिकायचं तर या बाईकडं.

त्याची बायको सायली हसली. म्हणाली, तीस वर्षांचा बाप्या आता दाढी शिकायला निघाला. पण रविवारी तिनंच त्याच्या हाती बोरांची पिशवी देऊन पाठवलं.

जैनबबी बुटकी, कमी बोलणारी बाई. तिनं आदिनाथला अंगणातल्या बाजेवर बसवलं, मानेला नुसतं बोट लावलं आणि सांगितलं, की हे बरं झाल्याशिवाय पातं लावायचं न्हाई. आत वळलेला केस सुईनं उकरायचा न्हाई, गरम फडक्यानं शेकायचं, तो आपसूक वर येतो. "तोवर बघायला ये," ती म्हणाली.

मग तीन आठवडे आदिनाथ पाळीवर जायच्या आधी रोज सकाळी यायचा आणि बघायचा. बघण्यासारखंच ते होतं. जैनबबी गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल चाचांच्या तोंडावर ठेवायची आणि तो गार होईपर्यंत घाई करायची नाही. मग वाटीत साबणाचा फेस घोटायची, दह्याच्या सायीसारखा दाट. ब्रश गोल गोल फिरवून फेस केसांच्या मुळाशी मुरवायची. आणि मग एका पात्याचं जुनं पितळी मशीन घ्यायची. त्याला ती जोर म्हणून लावायची नाही. मशीनचं वजन तेवढं कातडीवर पडू द्यायची. बोटभर सरकवलं, की पाण्यात बुडवलं, पुन्हा बोटभर. डावा हात सारखा पुढं. त्या हाताची तीन बोटं आधी गालावरून फिरायची, थांबायची, आणि त्यांच्या मागून मशीन यायचं.

आदिनाथनं घरी रेझर कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवला नव्हता. इथं अर्धा तास जायचा आणि त्या अर्ध्या तासात चाचांचा आखडलेला खांदासुद्धा खाली यायचा. चाचा मध्येच डोळे मिटून घ्यायचे. आदिनाथला वाटायचं, आपल्या भट्टीवर इतक्या निगुतीनं काम करणारा एक माणूस नाही. आपणही नाही.

मानेवरच्या पुटकुळ्या सुकल्या तेव्हा जैनबबीनं त्याच्या हातात ब्रश दिला. आरसा मात्र दिला नाही.

"आधी डोळे मिट अन् बोटं फिरव," ती म्हणाली. "कुठं मऊ लागतं, कुठं टोचतं, ते बघ. जिकडं मऊ लागतं तिकडं केस झोपतो. तिकडंच मशीन न्यायचं."

आदिनाथनं बोटं फिरवली आणि चकित झाला. गालावर केस खाली जात होते, गळ्याशी आडवे, आणि कंठाच्या डाव्या बाजूला तर भोवऱ्यासारखे वर वळत होते. इतकी वर्षं तो सगळीकडं खालून वर रेझर ओढत आला होता.

"आन् चाची, गुळगुळीत कसं व्हायचं?" त्यानं विचारलं. "मास्क बसला पायजे."

"एकदा सुलटा हात. पुन्हा फेस लाव, मग आडवा हात. उलटा हात मानेवर कधीच न्हाई. कातडी ताणायची न्हाई, दाबायचं न्हाई. थोडं राहिलं तर राहू दे बेटा. उद्या परत हायच की सकाळ."

चाचा खुर्चीतून बघत होते. त्यांनी एकच भर घातली, की तिसऱ्या-चौथ्या दाढीला पातं बदलायचं, बोथट पातं केस कापत नाही, ओढतं.

पहिल्या दिवशी आदिनाथच्या हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं. जैनबबीनं गार पाणी मारायला लावलं, तुरटी ओली करून हलकेच फिरवली आणि पुन्हा धुवायला सांगितलं. आठवड्यात कापणं थांबलं. पंधरवड्यात मानेवरचे जुने डाग काळे पडून विरायला लागले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शहादेवरावांनी त्याला मास्क लावायला सांगितला, कडेनं बोट फिरवून पाहिलं, आणि भट्टीकडं हात केला.

त्या आनंदात तो पेढे घेऊन गॅरेजवर गेला. आमेर एकटाच होता आणि जरा चिंतेत होता. अम्मीला मोतीबिंदू हाय, म्हणाला. डाव्या डोळ्यानं दोन वर्षांपासून काही दिसत न्हाई आणि उजव्यानं नुसत्या सावल्या. संभाजीनगरला ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा मिळाली होती आणि ती तिसऱ्यांदा नको म्हणत होती.

आदिनाथचा विश्वास बसेना. तो रोज तिच्या समोर बसला होता. ती मशीनला पातं बसवायची, फेस घोटायची, चाचांच्या ओठाच्या कोपऱ्यावरून पातं फिरवायची, आणि तिला दिसत नव्हतं. ती तीन बोटंच तिचे डोळे होते, हे त्याला तेव्हा कळलं.

"नको कावून म्हणते?" त्यानं विचारलं.

"अब्बा दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत. मी एकदा बसलो तर त्यांनी तोंड फिरवलं. चार दिवस ती न्हाई म्हणल्यावर काय करायचं?"

आदिनाथ चाचांकडं गेला. उभ्यानंच म्हणाला, की चार दिवस मी करतो, चाचा. चाचा बराच वेळ त्याच्या मानेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ये सकाळी."

मंगळवारी जैनबबी आमेरबरोबर गेली. बुधवारी आदिनाथ चाचांसमोर बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपली दाढी करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गालाला पातं लावणं वेगळं. डावा गाल झाला. उजव्या गालाला कातडी पिशवीसारखी लोंबत होती, मशीन टेकवावं तिथं घडी पडायची. चाचांना तो गाल आतून फुगवता येत नव्हता. आदिनाथचा हात थांबला. चाचांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची धार निघाली होती.

आदिनाथनं टॉवेलनं ती टिपली, जशी जैनबबी टिपायची, आणि आमेरला फोन लावला. आमेरनं तो आईच्या कानाला धरला. तिच्या डोळ्याला पट्टी होती.

"कानाजवळ बोट ठेव," ती म्हणाली. "वर ओढू नको, मागं धर नुसतं. घडी आपली उलगडते. मग सुलटा हात. आन् त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना गप्प बसलेलं आवडत न्हाई."

मग आदिनाथ बोलत राहिला. गंधकाची ज्योत कशी निळी असते, वारा आला की कशी झुकते, ते सांगत राहिला. घडी उलगडली. मशीन सरकत गेलं. पाऊण तास लागला. शेवटी चाचांनी डावा हात चेहऱ्यावरून फिरवला, गळ्यापर्यंत नेला, परत वर आणला.

"कापलं न्हाई कुठं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तिनं पहिल्या दिवशी सात ठिकाणी कापलं होतं. तिला सांगू नको."

शनिवारी जैनबबी काळा चष्मा लावून परतली. दारातच तिनं नवऱ्याचा चेहरा बोटांनी चाचपला. मग चष्मा जरा वर करून ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं आदिनाथकडं पाहिलं. त्याचा चेहरा तिनं पहिल्यांदाच बघितला होता.

"तू तर लई लहान दिसतोस," ती म्हणाली. "मला वाटलं चाळिशीचा असशील."

डोळा बरा झाल्यावर तिनं पुन्हा सकाळी फेस घोटायला घेतला. पण चाचांनी स्वतःहून एक गोष्ट ठरवली. रविवारी आदिनाथच करेल, ते म्हणाले, आणि ती त्या दिवशी तिला वाटेल तिथं जाईल. जैनबबीनं आधी ऐकलं नाही. सहा वर्षांत तिनं एकही सकाळ सोडली नव्हती, ऑपरेशनच्या चार दिवसांखेरीज. दोन रविवार ती घरात इकडून तिकडं फिरत राहिली, वाटी धुतली, टॉवेल वाळत घातला.

तिसऱ्या रविवारी आदिनाथ अंगणात आला तेव्हा ती साडी बदलून तयार होती. तेलगावला तिची बहीण राहते, तिच्याकडं जाते म्हणाली. खिडकीजवळची जागा पकडायची म्हणून लवकर निघाली होती. आदिनाथनं टॉवेल पिळला. चाचांनी डोळे मिटले, आणि रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.