दंतवैद्याच्या कपाटातला क्रोनोग्राफ

मित्रांनो, मी वैमानिकाच्या मनगटावरचा एक जुना क्रोनोग्राफ, म्हणजे सेकंद मोजून देणारं घड्याळ आहे. माझ्यावर विसंबून माणसांनी आल्प्स पर्वत ओलांडला आहे. माणसांनी म्हणजे एका माणसाने, आणि त्यालाही खाली रेल्वेचे रूळ दिसत होते.

स्वित्झर्लंडच्या एका कारखान्यातून मी इटलीच्या हवाईदलात, सार्जंट बेर्तोनींच्या मनगटावर आलो. त्यांनी कळ दाबली की माझा सेकंदाचा मोठा काटा धावू लागे आणि पुढचं वळण कधी घ्यायचं ते त्यावर ठरे. एकदा विमानाच्या दारावर आपटून माझ्या कवचाला पोचा पडला, पण मी थांबलो नाही. चालत राहायचं, एवढंच मला येतं.

सार्जंट वारले आणि मी फाएन्झा गावचे दंतवैद्य ओत्ताव्हिओ झानारी यांच्या हाती लागलो. त्यांना मी नको होतो. माझे भाग हवे होते. त्यांच्याकडे माझ्याच जातीचा दुसरा क्रोनोग्राफ होता, कवच कोरं करकरीत आणि आत सगळा गंज. वसंतातल्या घड्याळ-संग्राहकांच्या मेळाव्यात, अस्सल घड्याळांच्या स्पर्धेत, दरवर्षी वकील ब्रुसोरी पहिले येत. यंदा ते होऊ द्यायचं नाही, हा डॉक्टरांचा निर्धार होता.

आधी माझे काटे गेले. मी चालत राहिलो. मग तबकडी गेली. तोंड नाही, तरी टिकटिक चालू.

"ओत्ताव्हिओ, जिवंत आहे रे ते," त्यांची बायको लोरेदाना म्हणाली. "एकाचं काढून दुसऱ्याला काय लावतोस?"

"अगं, कवळीसुद्धा कुणाच्या तोंडात उगवत नाही."

"पण ती लावून कुणी अस्सल दातांच्या स्पर्धेत जात नाही."

डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं आणि माझं यंत्रच उचललं. परक्या कवचातही मी चालत राहिलो.

मेळाव्यात सगळे एकमेकांची घड्याळं उघडून पाहतात. ब्रुसोरींनी माझं झाकण उघडलं.

"अभिनंदन, ओत्ताव्हिओ! काटे, तबकडी, यंत्र, सगळं एकाच घड्याळाचं. तेवढं कवच दुसऱ्याचं. हा यंत्रावरचा नंबर बघ, हा झाकणावरचा. याचं स्वतःचं कवच कुठंय?"

"घरी. पोचा आलाय त्याला."

"वैमानिकाच्या हातून आलेला पोचा? अरे बाबा, मग तेच आणायचं होतंस की!"

टेबलाभोवती हशा पिकला. पण डॉक्टरांचा निर्धार कायम होता. त्यांनी माझा एकेक भाग माझ्या जुन्या कवचात परत बसवला आणि पुढच्या वसंतात मी पोच्यासकट टेबलावर हजर झालो. ब्रुसोरींनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. काहीतरी खोट सापडावी अशी त्यांची फार इच्छा होती.

"अस्सल आहे," ते अखेर म्हणाले, भूल न देता दाढ काढल्यासारखे.

डॉक्टर पहिले आले.

"आता तरी घाल मनगटावर," लोरेदाना म्हणाली.

"वेडी आहेस का? झिजेल ना!"

मला मखमलीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं. चावी देणंही बंद झालं. उरलेल्या बळावर मी दुसऱ्या दिवसापर्यंत चाललो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण जपताना त्यांना त्यांचं काम करू द्या. मी अजून चालू शकतो. कुणी नुसती चावी दिली, तरी त्या क्षणी सुरू होईन. माझी पूर्ण तयारी आहे.

डॉक्टरांना बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी दवाखान्यात लावलं आहे. ते सेलवर चालतं आणि बरोबर वेळ दाखवतं.