कंट्रोलचा मांडव

तलासरीच्या डोंगराकडच्या गावात वाइनची द्राक्षं कशाने चांगली येतात, हे बघायला डहाणूच्या प्रयोगशाळेतल्या नयना मॅडमनी तीन मांडव निवडले. एकाला रासायनिक फवारणी, एकाला सेंद्रिय, तिसरा कंट्रोल. कोणाला काय, ते शाळेच्या ओट्यावर चिठ्ठ्या टाकून ठरलं. विज्ञान वशिला मानत नाही.

कंट्रोलची चिठ्ठी एका मांडवाच्या मालकाला, काकड्याला निघाली आणि शेजारच्या मांडवाच्या लहान्याचा जीव जळला. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे या मांडवाला खत, औषध सगळं सरकारचं. लहान्याने काकड्याला कोंबडा देऊन चिठ्ठी बदलून घेतली.

"कंट्रोल म्हणजे काय, कळलंय ना?" मॅडमनी विचारलं.

"कळतं ना. आमचं घरच कंट्रोलवर चालतं."

मॅडमना कौतुक वाटलं. मांडवाला स्वतःहून काही घालणार नाही, अशी सही त्यांनी घेतली. लहान्याने ती आनंदाने केली. फुकटचं येत असताना स्वतःचं कोण घालतो?

पौषात वेलींवर भुरी ही बुरशी पडली. पानांवर पीठ शिंपडल्यासारखी. शेजारच्या दोन्ही मांडवांत प्रयोगशाळेची माणसं येऊन फवारून गेली. लहान्या वाट बघत बसला.

"तुजा कंट्रोल उघडला नाय अजून?" बायको बायजी म्हणाली.

"माल वरून यायचाय."

काकड्या कुंपणावरूनच बोलला, "कोंबडा परत मागू नको. पचला."

शेवटी लहान्या डहाणूला गेला. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि समजावलं, "कंट्रोल म्हणजे ज्याला काहीच द्यायचं नाही, तो."

लहान्याने चहा संपवला. "मग माझं मी फवारतो."

"असं कसं? मग आम्ही तुलना कशाशी करायची? तुमची सही आहे."

द्राक्षं तपासायला गेली. लहान्याच्या घडांत गोडी नाही, आंबटपणा बेसुमार, साली तडकलेल्या. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. फवारणीचा फरक इतका ठसठशीत कधी दिसला नव्हता. "असा स्वच्छ कंट्रोल नशिबाने मिळतो," मॅडम म्हणाल्या.

राहिली मुळांची तपासणी. चांगल्या वेली कशाला उपटायच्या, म्हणून लहान्याच्या उपटायचं ठरलं. मजूर मुळं तोडतात, म्हणून तोच खणायला उतरला.

"वेली परत कवा देनार?" बायजीने विचारलं.

"त्या वाळवून दळतात, मावशी. पण पुढच्या वर्षी नव्या लावा ना. कंट्रोल तुमच्याकडेच ठेवू."

लहान्याने खड्ड्यातून वर यायला हात पुढे केला. मॅडमनी त्यात नमुन्याची पिशवी दिली. "हे शेवटचं मूळ तेवढं अख्खं काढा."