कोरं फूल

चिनीमातीच्या कारखान्यात तिला सगळे वेलवाली मावशी म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी ती या परक्या मुलखात आली आणि ताटांच्या काठांवर वडिलांनी शिकवलेली वेल रंगवू लागली. घरातलं माणूस लांब असलं की वेलीवरचं एक फूल कोरं ठेवायचं, ही तिच्या माहेरची रीत. धाकटी बहीण मागे राहिलेली, म्हणून मावशी एक फूल सोडायची. बाकीच्या बायकांनी तिचं पाहून तेच उचललं. का, ते कुणी विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही.

आज धाकटी कायमची येणार होती. तिच्यापुढे ठेवायला मावशीने आठवड्याभरापूर्वी एक ताट पूर्ण भरलं होतं, एकूण एक फूल निळंशार. ते आज भट्टीतून निघालं, आणि तपासणीवाल्या पोरीने त्याच्यावर लाल फुली मारली.

"मावशी, एक फूल कोरं हवं ना? तुमच्या हातून अशी चूक?"

"चूक कसली! मुद्दाम भरलंय. बहीण येतेय माझी."

"मग तर कोरंच हवं! येणाऱ्या पाहुण्यासाठीच असतं ते फूल. आमची जुनी परंपरा आहे. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला कुठून माहीत असणार म्हणा."

मावशीला हसावं की रडावं कळेना. राग आला, आणि पोरीचा अभिमान बघून कुठेतरी बरंही वाटलं, त्याचा आणखी राग आला. वेल माझी, असं म्हणायला तोंड उघडलं, तर वडिलांनी ती कुठून आणली होती तेच आठवेना.

फुलीचं ताट फोडायचा नियम. मावशीच्या डोळ्यांदेखत ते फुटलं. पोरगी मनाची चांगली. तिने एक पास झालेलं ताट कागदात गुंडाळून हातात दिलं. "बहिणीला यात वाढा."

संध्याकाळी मावशीने त्यातच वाढलं. दुसरं होतं कुठे? धाकटीने पहिला घास घेतला आणि काठावरून बोट फिरवता फिरवता एका जागी थांबली.

"ताई, मी तर आले. आता कोण लांब आहे गं?"

मावशीने हातातला डाव भांड्यात ठेवला.

"मीच, बहुतेक," ती म्हणाली.